शुक्रवारचा फोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको. मी खोटं बोलले. कुणी डोक्याला बंदूक लावली नव्हती, घाईत तोंडातून निसटलंही नाही. चांगली खुर्चीत बसून, हातात कॉफीचा मग घेऊन, ज्या माणसानं मला एकोणीस वर्षांत एकही खोटी गोष्ट सांगितली नाही त्याच्याशी खोटं बोलले. तेही शुक्रवारी. शुक्रवारी का, ते सांगते.

मी जनेल ह्राबिक. हार्लन विद्यापीठात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची कोच. एकवीस वर्षं झाली. आमच्यापासून सत्तर मैलांवर, मक्याच्या शेतांच्या पलीकडे, ब्रॅडॉकचं विद्यापीठ आहे आणि तिथं माझ्यासारखाच कोच होता आर्विड टॉलेफसन. दोन्ही विद्यापीठं एकाच लीगमधली. लीगचं नाव ‘प्रेरी आठ’. नाव आठ, पण सभासद दहा. मध्ये एकदा अकरा झाले होते, मग नऊ, मग परत दहा. नाव बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण जिथंतिथं पाट्या रंगवून झाल्या होत्या. ह्या लीगमध्येच एकमेकांशी खेळायचं, एकमेकांना हरवायचं, आणि वर्षाच्या शेवटी कोण पहिला आला ते ठरवायचं. साठ-पासष्ट वर्षं असंच चाललं होतं.

आता आमच्याकडे अंतरं अशी की एक सामना खेळायला कुणी पाचशे मैल बस घेऊन येत नाही. म्हणून लीगनं जोड्या लावल्या होत्या. लांबून आलेला संघ गुरुवारी आमच्याकडे खेळणार, शुक्रवारी बसनं ब्रॅडॉकला जाणार आणि शनिवारी तिथं खेळून घरी. कधी उलटं. म्हणजे हार्लन आणि ब्रॅडॉक हे जोडीदार. आणि जोडीदारांत एक पद्धत पडली होती, जी कुठल्याच नियमांच्या पुस्तकात नाही. गुरुवारी ज्याच्याकडे सामना झाला, त्यानं शुक्रवारी सकाळी दुसऱ्याला फोन करायचा. त्यांच्या कुठल्या पोरीचा घोटा सुजलाय, चेंडू उचलून देणारी कुठं बघते आणि कुठं देते, कोण चिडली की सर्व्हिस बाहेर मारते, सगळं सांगायचं. पाहुणे बसमध्ये झोपा काढत असायचे आणि आम्ही दोघं त्यांची चिरफाड करायचो.

आम्ही दोघं एकमेकांविरुद्धही वर्षातून दोनदा खेळायचो, आणि आर्विड बहुतेक वेळा मला धूळ चारायचा. एकोणीस वर्षांत त्याच्याकडे मी किती वेळा जिंकले ते हाताच्या बोटांवर मोजता येईल, आणि अंगठा उरेल. पण ते वेगळं आणि शुक्रवार वेगळा. शुक्रवारी खरंच सांगायचं. एकदा फोन ठेवून वीस मिनिटं झाली होती, तर ह्या माणसाचा परत फोन. म्हणे, ‘‘अगं, मघाशी डावा गुडघा म्हणालो, उजवा आहे. सामन्याची फिल्म परत बघितली.’’ असा माणूस. बोलायला इतका हळू की वाक्य संपेपर्यंत माझी कॉफी निवायची. मी त्याला म्हणायची, तुझ्या घराला आग लागली तर फायर ब्रिगेडला पत्र पाठवशील.

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आमच्या क्रीडा संचालकानं, स्टर्लिंग पाइकनं, मला बोलावलं. खोलीत चारच माणसं, त्याला समिती म्हणायचं. आधी सगळ्यांना एक कागद सही करायला दिला, की इथं जे ऐकाल ते नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. मी म्हटलं, मला नवराच नाही, तेव्हा ह्यात माझा त्याग काही नाही. कुणी हसलं नाही, तेव्हा समजलं की प्रकरण गंभीर आहे.

पूर्वेकडच्या मोठ्या लीगला आमच्या भागातलं एक विद्यापीठ हवं होतं. मोठी म्हणजे ती, जिचे सामने देशभर टीव्हीवर दिसतात. त्यांना अर्थातच आमचं फुटबॉल हवं होतं. बाकी आम्ही सगळे खेळ म्हणजे वऱ्हाडातली मंडळी, नवरदेवाबरोबर गाडीत बसायचं. पण त्यांनी एक प्रश्न विचारला होता. हार्लन आणि ब्रॅडॉक ही जोडी आहे म्हणतात. एकाला घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागेल का? कोच मंडळींना काय वाटतं? आणि कोच मंडळींतली सगळ्यात जुनी मी.

एका परिच्छेदाचं उत्तर होतं, आणि ते मी लिहिलं. प्रवास कसा करू, विमानं कुठून पकडू, पोरींचे वर्ग कसे सांभाळू. शेवटचं वाक्य असं होतं: ‘ब्रॅडॉक नसलं तरी हार्लनच्या संघांचं काही अडणार नाही.’ पाइकनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, हेच हवं होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी येईपर्यंत बरं वाटत होतं. एकोणीस वर्षं ‘प्रेरी आठ’मध्ये काढली, वासरांत लंगडी गाय शहाणी असं चाललं होतं, आणि तिथंही शहाणी गाय आर्विड, मी नव्हे. एकदा तरी मोठ्या गोठ्यात उभं राहून बघावं, माझ्या पोरींनी भरलेल्या स्टेडियममध्ये खेळावं, असं मला वाटायचं. फार वाटायचं.

पाइकनं एक गोष्ट निक्षून सांगितली होती. ब्रॅडॉकला ताकास तूर लागता कामा नये. आमच्या राज्याच्या विधानसभेत अर्धे लोक ब्रॅडॉकला शिकलेले. त्यांना नुसता वास लागला असता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी ठराव केला असता, जायचं तर दोघांनी जा, नाहीतर दोघांनी घरी बसा. आणि मोठ्या लीगला दोघं नको होते. म्हणजे ब्रॅडॉकच्या एका माणसाला एक शब्द कळला की सगळं बोंबललं. हे मला त्या खोलीतून बाहेर पडताना पक्कं माहीत होतं. ते मी नंतर कधीही विसरले नाही, त्या शुक्रवारीसुद्धा नाही.

नोव्हेंबर उजाडला तेव्हा गावभर कुजबुज सुरू झाली होती. आमच्याकडे लोक हवामान बघतात तसं विद्यापीठाचं विमान बघतात. विमानाचा नंबर इंटरनेटवर टाकला की कुठं उडालं, कुठं उतरलं, सगळं दिसतं. कुणा रिकामटेकड्यानं बघितलं की पाइकचं विमान आठवड्यात दोनदा पूर्वेला जाऊन आलं, आणि झालं. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या तळघरात, चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल खाता खाता, सगळीकडे तोच विषय. पाइकनं पत्रक काढलं की संचालक आजारी मेहुण्याला भेटायला गेले होते. त्याला मेहुणा नाही हे निम्म्या गावाला माहीत होतं.

त्या गुरुवारी शेवटचा पाहुणा संघ आमच्याकडे खेळून गेला. शुक्रवारी सकाळी मी आर्विडला फोन केला. त्यांच्या उंच पोरीचा खांदा दुखतोय, ती तिरकं मारत नाही, सरळच मारते, वगैरे सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. मग नेहमीसारखा ‘बरंय’ म्हणून फोन ठेवला नाही. गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याची मला सवय होती, मी कॉफी ओतून घेतली.

मग त्यानं सांगितलं. ओहायोच्या एका विद्यापीठातली कोच हंगाम संपल्यावर निवृत्त होत होती, आणि त्यांनी त्याला विचारलं होतं. सोमवारपर्यंत हो म्हणालास तर दुसऱ्या कुणाला बोलावत नाही, असं. पगार चांगला, संघ चांगला. पण त्याच्या बायकोचे आईवडील ब्रॅडॉकमध्ये, तिला हलायचं नव्हतं, आणि खरं तर त्यालाही नव्हतं. फक्त ह्या विमानाच्या गप्पांनी तो हैराण झाला होता. हार्लन गेलं तर ‘प्रेरी आठ’ फुटणार, ‘प्रेरी आठ’ फुटली तर ब्रॅडॉकचे दिवे विझणार, आणि पहिला दिवा व्हॉलीबॉलचा. शेंबड्या पोरालाही कळावं इतकं हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

‘‘जनेल,’’ तो म्हणाला, ‘‘मी बाकी काही विचारत नाही. तुमचे लोक चाललेत का, एवढंच सांग.’’

आता ऐका. मी सही केली होती, हे खरं. पण मी एवढंच म्हणू शकले असते की मला विचारू नकोस. तीन शब्द. त्यात कुठला नियम मोडला नसता, आणि आर्विडला तेवढं पुरलं असतं. एकोणीस वर्षं शुक्रवारी एकमेकांना सगळं सांगणाऱ्या माणसानं ‘विचारू नकोस’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय हे त्याला शब्द संपायच्या आधीच कळलं असतं. मी नुसती गप्प बसले असते तरी कळलं असतं. आणि तेच मला नको होतं. कळलं तर तो त्याच्या संचालकाकडे जाईल, संचालक विधानसभेत जाईल, आणि माझं भरलेलं स्टेडियम गेलं.

‘‘नाही रे,’’ मी म्हटलं. ‘‘लोकांना उद्योग नाहीत.’’ आणि तिथंही थांबले नाही. वर विनोद केला. म्हटलं, ‘‘तू ओहायोला कशाला तडफडतोस, बर्फ तिथंही पडतो, आणि मला हरवायला तिथं मी नसणार.’’

तो हसला. मोकळा हसला, बरं का. म्हणाला, आज जेवण जाईल. मी फोन ठेवला, कॉफीचा मग धुतला आणि स्वतःला सांगितलं की मोठ्या गोष्टींमध्ये असं करावं लागतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणतात. मांजराला निदान भूक तरी लागलेली असते.

डिसेंबरच्या मध्यावर घोषणा झाली. बँड, झेंडे, पाइक नवीन लीगची टोपी घालून. महिन्याभरात आणखी दोन विद्यापीठं फुटली, घर फिरलं की वासेही फिरतात, आणि ‘प्रेरी आठ’चं जे उरलं त्याला लीग म्हणायलाही कुणी तयार नव्हतं. ओहायोनं तोपर्यंत दुसरा माणूस घेतला होता. मार्चमध्ये ब्रॅडॉकनं चार खेळ बंद केले. पहिलं नाव व्हॉलीबॉल.

पण मधलं एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. घोषणा झाली त्या संध्याकाळी आर्विडचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या देणार. मी तयारीत होते. कधी नव्हे ते मनातल्या मनात म्हटलं, दे बाबा, एकदाच्या दे. तर हा माणूस म्हणतो, ‘‘तुलाही अंधारात ठेवलं ना गं हरामखोरांनी?’’

आणि मी म्हटलं, ‘‘कोचांना कोण विचारतं?’’

पहिल्या खोट्याला निदान कारण होतं. हे दुसरं फुकटचं. तेव्हा लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळं पेपरात आलं होतं. फक्त मी उरले होते. चार महिने मला झोप लागली नाही असं म्हणणार नाही, लागायची. पण सकाळी उठल्यावर पहिली आठवण त्याच्या त्या प्रश्नाची यायची. दुकानात कुणी अभिनंदन केलं की मी कानावर हात ठेवायची, म्हणायची, मला काय त्यातलं कळतं. चोराच्या मनात चांदणं. लोकांना वाटायचं, बाई किती साधी.

एप्रिलमध्ये त्याचा परत फोन आला. त्याच्या संघातल्या बहुतेक पोरी इकडंतिकडं लागल्या होत्या, तीन उरल्या होत्या. चांगल्या होत्या तिघी. पण एव्हाना सगळीकडच्या जागा भरल्या होत्या. माझ्याकडे तीन जागा होत्या, मोठ्या लीगला जायचं म्हणून मुद्दाम वाढवलेल्या. तो म्हणाला, घेशील का? मी हो म्हणण्याआधी श्वाससुद्धा घेतला नाही. मला वाटलं, चला, काहीतरी फेडता येईल. माझ्यासारख्या माणसांना असंच वाटतं. एकाचं घर जाळायचं आणि मग त्याला घोंगडी नेऊन द्यायची.

शनिवारी दुपारी तो पोरींना व्हॅनमध्ये घालून स्वतः घेऊन आला. त्याला आता पगार नव्हता की काम नव्हतं, व्हॅन चर्चची होती. पोरींना त्यानं गाडीतच बसायला सांगितलं आणि मला म्हणाला, जरा बोलू. जिमच्या मागं भिंतीच्या उन्हात आम्ही उभे राहिलो. वारा होता. तो बराच म्हातारा दिसत होता.

त्यानं तिघींबद्दल सांगायला सुरुवात केली, पण मध्येच थांबला आणि म्हणाला की ह्यांच्या बाबतीत त्याला रात्रंदिवस मन खातं. नोव्हेंबरमध्ये ह्यातल्या दोघी त्याच्याकडे आल्या होत्या. विमानाच्या गप्पा त्यांनीही ऐकल्या होत्या. दोघींना दुसरीकडून बोलावणी होती, चांगल्या ठिकाणांहून, पूर्ण शिष्यवृत्तीसकट. त्यांनी विचारलं, कोच, जाऊ का? त्यानं सांगितलं, कुठं जाऊ नका. तिसरीची आई फोनवर रडत होती, तिलाही तेच सांगितलं. पोहण्याच्या कोचनं विचारलं, त्यालाही. त्या बिचाऱ्यानं त्याच महिन्यात घर घेतलं, आणि मार्चमध्ये पोहणंही बंद झालं.

‘‘मी सगळ्यांना म्हटलं, हार्लनच्या जनेलशी माझं बोलणं झालंय,’’ तो म्हणाला. ‘‘जनेल नाही म्हणतेय म्हणजे नाही.’’

मी भिंतीला टेकले.

तो पुढं म्हणाला, ‘‘आता त्यांचे आईबाप तुझ्यावर चिडलेत. मी समजावलंय त्यांना. म्हटलं, तिलाही फसवलं, आपल्यासारखंच. पोरींनाही तेच सांगितलंय येताना. नाहीतर त्या यायला तयार नव्हत्या.’’

म्हणजे मी त्याला सांगितलं, त्यानं जगाला सांगितलं, आणि आता जग शिव्या देत होतं तर हा मधे उभा राहून माझी बाजू घेत होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. गळा कुणाकुणाचा कापतेय हे मात्र मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटत होतं, फक्त आर्विडचा.

मी हिशेब केला नाही असं नाही. मनात आलं, सांगितलं तर हा पोरींना परत नेईल, आणि त्यांना दुसरी जागा नाही. गप्प बसणं हेच त्यांच्या भल्याचं. क्षणभर ते अगदी खरं वाटलं. मग लक्षात आलं की हा आवाज मी ओळखते. ‘मोठ्या गोष्टींमध्ये असं करावं लागतं’ म्हणणारा तोच आवाज, फक्त ह्या वेळी पोरींचं नाव पुढं केलं होतं.

‘‘आर्विड, मला माहीत होतं,’’ मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. ‘‘काय माहीत होतं?’’

‘‘सगळं. जूनपासून. मी त्या समितीत होते. ब्रॅडॉक नसलं तरी आमचं अडत नाही, असं मीच लिहून दिलं. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं.’’

त्याच्या गप्प राहण्याची मला सवय होती म्हणाले ना, पण हे ते नव्हतं. मी बोलत सुटले. सही, विधानसभा, पाइक, स्टेडियम, सगळं ओकले. त्यातलं त्याला किती ऐकू गेलं माहीत नाही. मी म्हटलं, शिव्या दे, मार मला, पण काहीतरी बोल.

तो म्हणाला, ‘‘मी त्या दिवशी बायकोला म्हणालो होतो, आज जेवण जाईल.’’

एवढंच. मग वळला आणि व्हॅनकडे चालायला लागला. मी मागून गेले. पोरींनी गाणं लावलं होतं, खिडकीतून ऐकू येत होतं. मला वाटलं, आता बसेल, किल्ली फिरवेल आणि जाईल. आणि मी त्याला अडवणार नव्हते. कुठल्या तोंडानं अडवणार? पण त्या तिघींचं काय होईल, हा विचार सुटत नव्हता.

त्यानं व्हॅनचं दार सरकवलं. गाणं बंद करायला सांगितलं. म्हणाला, ‘‘उतरा गं. बॅगा घ्या.’’ तिघी उतरल्या, उंच उंच, वाऱ्यानं केस तोंडावर आलेले. त्यानं एकेकीला नावानं पुढं केलं, मेरन, टॅविया, ब्रिगिट, आणि प्रत्येकीनं माझ्याशी हात मिळवला. ब्रिगिट म्हणाली, कोच, तुम्हालाही फसवलं ना त्यांनी, आम्हाला सगळं सांगितलंय. मी तिचा हात धरून उभी राहिले. मी आर्विडकडे बघितलं. तो सांगेल असं मला वाटलं, सांगावं असंही वाटलं.

त्यानं मागचं दार लावलं, किल्ली काढली आणि पोरींकडे तोंड करून, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, ‘‘आजपासून ही तुमची कोच. खेळाबद्दल ही जे सांगेल ते ऐका, तिच्याइतकं कुणाला कळत नाही. बाकी काहीही तिनं सांगितलं, तर आधी मला विचारा.’’

पोरी हसल्या. त्यांना वाटलं, कोच गंमत करताहेत.